दोनशेवी बाई

नवीन मुलगी कामावर आली की शकीलाबाजी तिला नाव विचारायच्या नाहीत. नाव माझ्या टाइम ऑफिसातून गेलेल्या चिठ्ठीवर असायचंच. त्या विचारायच्या, "घरी खानारे किती?"

मुलगी गोंधळायची. कुणी चार सांगायची, कुणी सात.

"आन् कमावनारे?"

हे दुसरं उत्तर ऐकलं की बाजी नुसती मान हलवायच्या आणि तिला कोणत्या बोर्डावर उभं करायचं ते ठरवायच्या. जिच्या घरी खाणारे जास्त आणि कमावणारे कमी, तिला सगळ्यात अवघड बोर्ड. पहिले पंधरा दिवस ती पोरगी बाजींना मनातल्या मनात शिव्या देत असेल. पण अवघड बोर्डावर हात बसलेली बाई कुणी सहज काढून टाकत नाही, हे बाजींना पक्कं ठाऊक होतं. हे त्यांनी कुणाला समजावून सांगितलं नाही. मलाही ते कळायला दोन वर्षं लागली.

आमची कंपनी अमरावतीच्या बाहेर, नागपूर रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत होती. मोटारीच्या आतून वायरींचा एक जाडजूड पेंडका फिरलेला असतो. दिवे, हॉर्न, वायपर, सगळं त्याच्यावर चालतं. तो आमच्याकडे तयार व्हायचा. कागदोपत्री त्याचं नाव वायरिंग हार्नेस, पण बायका त्याला वेणी म्हणायच्या. एका मोठ्या फळीवर, म्हणजे बोर्डावर, नकाशाप्रमाणे खुंट्या ठोकलेल्या असत, त्यांच्यामधून रंगीत वायरी ओवायच्या, वरून काळी टेप गुंडाळायची आणि टोकाला जोड बसवायचे. अडीचशेच्या वर बाया हे काम करत. सगळा माल एकाच मोटार कंपनीला जायचा. तिला आम्ही 'मोठी कंपनी' म्हणायचो. ती कुठेतरी दक्षिणेत होती. आमच्यापैकी कुणी पाहिलेली नव्हती.

बाजी तपासणीवर होत्या. मशीनवर हिरवा दिवा लागला तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही. वेणी हातात घेऊन, डोळे मिटून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटं फिरवायच्या. कुठे टेप सैल असली की थांबायच्या. चष्म्याची एक दांडी मोडलेली होती, तिला तीच काळी टेप. दांडी बदलून घ्या असं मी दोन-तीनदा म्हटलं. "चालून तं रायला," एवढंच उत्तर.

रडण्याच्या बाबतीत त्यांचा एक कायदा होता. बोर्डावर रडायचं नाही. डोळ्यातलं पाणी जोडात गेलं तर जोड गंजतो, असं त्या सांगायच्या. खरं-खोटं देव जाणे. रडायचं असेल तर नळावर जायचं. तिथं पाहिजे तेवढं रडा, तोंड धुवा आणि परत या. कुणी नळाकडे निघाली की बाजी तिच्या बोर्डावर जाऊन उभ्या राहायच्या आणि ती येईपर्यंत तिचं काम करायच्या. ती आल्यावर काय झालं म्हणून विचारायच्या नाहीत.

एकदा मोठ्या कंपनीतून एक तरुण इंजिनिअर तक्रार घेऊन आला. एका अख्ख्या खेपेत हॉर्न दाबला की डावीकडचा दिवा लुकलुकत होता. आमचे मॅनेजर शिरभाते साहेब पांढरेफटक पडले. बाजींना बोलावलं. त्या आल्या, त्या तपासणीचं रजिस्टर घेऊनच. पान उघडून त्यांनी टेबलावर ठेवलं. त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: नकाशात पिवळी आन् तपकिरी वायर उलटी हाय. कळवलं. उत्तर नाई.

इंजिनिअरनं ते माझ्याकडून वाचून घेतलं. मग बाजींना विचारलं, "आपको पता था, तो बनाया क्यों?"

"साहब, तनख्वा नक्शे के हिसाब से बनाने की मिलती है," बाजी म्हणाल्या. "अपने दिमाग से बनाती तो पहले मेरेकू निकालते."

तो हसला. त्यानं चहा मागितला आणि जाताना बाजींना नमस्कार करून गेला. पुढे त्या कंपनीतून सुधारलेला नकाशा आला, तेव्हा कोपऱ्यात बाजींचं नाव असेल म्हणून बायकांनी तो उलटसुलट करून पाहिला. नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत बाजी उभ्या उभ्या जेवायच्या. सगळ्यांच्या डब्यातला एकेक घास, आणि हातात मराठी पेपर. त्यांचं शिक्षण अकोल्यात, मराठी शाळेत, दहावीपर्यंत. पेपर त्या मोठ्यानं वाचायच्या. वाचताना त्यांच्या शेजारी नेहमी विमल इंगळे बसलेली असायची. विमल मुख्य बोर्डावर होती. अठ्ठावीसची असताना नवरा गेला, पदरात एक मुलगी. माहेर अकोल्याचं, तिथं आई अंथरुणाला खिळलेली. बोलणं फार कमी. कंपनीच्या बसमध्ये दोघी एकाच थांब्यावर चढायच्या, शेजारी बसायच्या आणि बहुतेक वेळ गप्प असायच्या. अकरा वर्षं.

मग मोठ्या कंपनीच्या गाड्या खपेनाशा झाल्या. आधी आमचा रविवारचा ओव्हरटाइम गेला. मग आठवड्यात चारच दिवस काम, मग तीन. बायका बोर्डावर उभ्या राहत आणि वायरीच येत नसत. त्याच सुमारास पेपरात यायला लागलं की अडचणीतल्या मोटार कंपन्यांना सरकारनं मदत करावी की करू नये. मागास भागात त्यांना माल पुरवणाऱ्या कारखान्यांनाही त्यात धरावं, असं कुणीतरी सुचवलं होतं. बाजींनी ती बातमी दोनदा वाचली.

स्टोअरमधले गावंडे तिथंच डबा खात होते. त्यांचा भाऊ हिवरखेडला शेती करायचा. भाजीपाला आणि थोडी फुलं.

"कावून द्याव सरकारनं?" गावंडे म्हणाले. "दसऱ्याले माह्या भावानं झेंडू रस्त्यावर फेकला. गाडीभाडं निंगत नव्हतं. तवा कोनतं सरकार आलं? आन् ज्यायच्या गाड्या कोनी घेत नाई त्यायले पैसा? आमच्याच खिशातला?"

"बरोबर हाय तुमचं," बाजी म्हणाल्या.

"मंग?"

"झेंडूवाल्यालेबी द्या म्हना ना. पन याले नाई देल्लं म्हून त्याले भेटते का? मले तं कधी भेटतानी दिसलं नाई."

"बाजी, हे पैसे मालकाच्या घशात जातीन."

"काही जातीन," बाजी म्हणाल्या आणि पेपर पुढे वाचू लागल्या.

गावंडे चुकीचं बोलत नव्हते. आजही मला त्यांचं म्हणणं खोडता येत नाही.

महिनाभरानं मुंबईहून एक अधिकारी बाई आल्या. कामगारांचं म्हणणं ऐकून घ्यायचं होतं. कलेक्टर कचेरीतल्या एका खोलीत बैठक ठेवली होती. कंपनीकडून शिरभाते साहेब, कागदपत्रं सांभाळायला मी आणि बायकांच्या वतीनं शकीलाबाजी. अधिकारी बाई शांत होत्या आणि सरळ होत्या. त्यांनी आधी आमचे कागद पाहिले, मग बाजींना विचारलं, "हे बघा, लोक या गाड्या घेत नाहीत. न खपणाऱ्या गाडीसाठी सरकारनं पैसे का घालावेत? हेच पैसे दवाखान्याला, शाळेला देता येतील. मला खरंच समजून घ्यायचंय."

बाजी उठून उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"मॅडम, माहे अब्बा अकोल्याच्या गिरनीत व्हते. मागावर. गिरनी तोट्यात गेली तं सरकारनं चालवाले घेतली. कपडा कोनी घेत नव्हतं, गठ्ठे पडून राहात. पेपरात येय का पैसा पान्यात चालला. पन भोंगा वाजे, अब्बा डबा घेऊन जाय, पगार येय. त्या सालांत माहा भाऊ मास्तर झाला. मी दहावी केली. मंग गिरनी बंदच झाली. सरकार म्हनन का पैसे बुडाले. मी बुडाली का? पाहा, उभी हाय ना तुमच्या समोर."

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. मग विचारलं, "म्हणजे कंपनी शेवटी बंद पडली तरी चालेल?"

"चालनार नाई. पन मधले साल भेटतीन."

त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. बाहेर आल्यावर शिरभाते साहेब बाजींना म्हणाले, "जिंकलं तुम्ही."

साहेब त्यांच्या गाडीनं गेले. मी आणि बाजी रस्त्याच्या कडेला ऑटोची वाट पाहत उभे राहिलो. ऊन फार होतं. त्यांनी ओढणी डोक्यावरून पुढे ओढली.

"वानखडेभाऊ, मी अर्धंच सांगतलं," त्या म्हणाल्या.

"काय अर्धं?"

"अब्बा काय म्हनत ते नाई सांगतलं. गिरनी बंद झाल्यावर अकरा साल ओट्यावर बसून रायले ते. म्हनत, मारायचीच होती तं तवाच मारायची होती. तवा मी तीस सालाचा होतो. डायवरी शिकलो असतो, कोनाच्या दुकानात लागलो असतो. यायनं मले आशेवर ठेवलं आन् म्हातारा करून सोडलं. मरेपर्यंत सरकारले शिव्या देत."

"मग हे का नाही सांगितलं बाईंना?"

"सांगतलं असतं तं कोनं देल्ले असते पैसे?"

ऑटो आला. बाजी आत बसल्या आणि घर येईपर्यंत बाहेर पाहत राहिल्या.

मदत मंजूर झाली. तीन वर्षांसाठी, हप्त्या-हप्त्यानं. अट एकच होती. आदेश निघाला त्या दिवशी पटावर असलेल्या महिला कामगारांपैकी किमान दोनशे टिकले पाहिजेत. नवीन भरती त्यात धरायची नाही. दर महिन्याला आकडा कळवायचा. ते काम माझ्याकडे आलं. त्या दिवशी पटावर दोनशे एकसष्ट बाया होत्या. एकसष्टची मोकळीक पुष्कळ वाटली होती सगळ्यांना.

कंपनीत पेढे वाटले. बाजींनी पेढा घेतला, अर्धा विमलला दिला आणि दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत बातम्या वाचणं बंद केलं. आता त्या फक्त नोकरीच्या जाहिराती वाचायच्या. पोलीस भरती, नर्सिंगचे प्रवेश, अंगणवाडी, पोस्ट. वाचून झालं की एखाद्या पोरीकडे बोट दाखवायच्या.

"तुह्यं वय किती?"

"तेवीस."

"बारावी झाली ना? भर फारम."

"बाजी, आत्ता तं कंपनी चालू झाली."

"म्हूनच म्हनून रायली. पगार चालू हाय तवरच शिकून घे. मंग फीस कोठून भरशीन?"

पोरींना वाटायचं बाजींना आपण नको झालो. एक तर रडत माझ्याकडे आली होती, बाजींनी तिला सरळ सांगितलं होतं म्हणे की पुढच्या वर्षी तू मले इथं दिसू नोको. तीच पोरगी पुढे नर्स झाली. एक पोलिसात गेली. दोघी-तिघी पोस्टात. कुणी ब्युटी पार्लर काढलं, कुणी लग्न करून गेली. बाजी त्यांना फॉर्म भरून द्यायच्या, फोटोवर गोंद लावायच्या, परीक्षेच्या दिवशी त्यांच्या बोर्डावर उभ्या राहायच्या. प्रत्येकीचा राजीनामा माझ्या टेबलावर यायचा आणि मी आकडा खाली आणायचो.

शिरभाते साहेबांच्या हे लक्षात आलं तेव्हा ते चिडले. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यावर मालक होता. "बाजी, पैसे आणायला तुम्हीच गेल्या होत्या ना? मग पोरींना हाकलता कशाला?"

"साहेब, चाळीशीच्या बाया आमी हावो ना. आमी कुठं जातो? दोनशे राहून जातीन. पोट्ट्यायले काहून बांधून ठेवता?"

हिशेब बरोबर होता. दोनशेच्या आसपास बाया अशा होत्या की ज्यांना दुसरीकडे कुणी घेतलं नसतं. त्यांच्यासाठी ही तीन वर्षं, आणि तरुण पोरींसाठी बाहेरचा रस्ता. अब्बांचं अर्धं आणि स्वतःचं अर्धं, दोन्ही बाजींनी एका जागी बसवलं होतं. मला वाटायचं, या बाईनं सगळ्यांपेक्षा मोठं डोकं चालवलं.

सव्वा वर्षात आकडा दोनशेवर आला.

त्याच महिन्यात विमलची चिठ्ठी आली. अकोल्याच्या एका मोठ्या दवाखान्यात वॉर्डात मदतनीस बायका घ्यायच्या होत्या. जाहिरात बाजींनीच वाचून दाखवली होती, पण ती दुसऱ्या कुणासाठी. विमलनं कुणाला न सांगता अर्ज केला. वयाची अट चाळीसची, तिला एकोणचाळीस चालू होतं. तिची निवड झाली. आई अकोल्यात, मुलगी पुढच्या वर्षी अकोल्यालाच शिकायला जाणार होती. पहिल्या तारखेला हजर व्हायचं होतं.

तिनं राजीनामा आधी माझ्याकडे आणला. मी तो साहेबांकडे नेला. साहेबांनी तो वाचला, मग माझा महिन्याचा तक्ता वाचला आणि बाजींना बोलावून घेतलं. मी तिथंच उभा होतो.

"बाजी, आता दोनशे आहेत. एकशे नव्व्याण्णव झाल्या की हप्ता बंद. हप्ता बंद झाला की मालक त्याच महिन्यात गेट लावतील. हे मी घाबरवायला नाही सांगत."

बाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आकडा माझाच होता.

"हे अजून चालन किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"पावणेदोन वर्षं बाकी आहेत. तोवर गाडी खपायला लागेल असं वरचे लोक म्हणतात."

"तुमाले काय वाटते?"

"मला काय वाटणार बाजी. मी वरच्यांचं सांगतो."

"दुसरी कोनी आपल्या मनानं गेली असती तं?"

"ती गेली असती तरी हेच झालं असतं. पण आत्ता हा कागद विमलचा आहे. ती तुमचं ऐकते."

बाजी बाहेर पडल्या. मला हजेरीच्या रजिस्टरवर सह्या घ्यायच्या होत्या, म्हणून मी त्यांच्या मागेमागे गेलो. खरं तर त्या दिवशी सह्या घ्यायची गरज नव्हती.

विमल बोर्डावर टेप गुंडाळत होती. बाजी तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. नळावर चल म्हणाल्या नाहीत, बाजूला घेतलं नाही.

"विमल, ते अकोल्याचं राहू दे."

विमलचा हात थांबला नाही. "कावून?"

"तू गेली तं या बाकीच्या सगळ्या घरी बसते. आकडा दोनशेवर येऊन थांबला."

"मीच दोनशेवी का?"

"व्हय."

विमलनं गुंडाळी पूर्ण केली, टेप दातानं तोडली. मग विचारलं, "बाजी, तुमी म्हनता?"

"मी म्हनतो."

"मंग राहू द्या."

एवढंच झालं. विमलनं पुढची वेणी ओढली. बाजी तपासणीच्या टेबलावर गेल्या. मी साहेबांकडे जाऊन सांगितलं आणि त्यांनी तो राजीनामा माझ्यासमोर फाडला. मला तेव्हा हायसं वाटलं, हे कबूल करायला हवं. माझंही घर त्याच आकड्यावर चाललं होतं. विमलची बाजू घेऊन बोलेल असा तिथं मीच एक होतो आणि मला तोंड उघडावंसं वाटलं नाही.

संध्याकाळी बसमध्ये दोघी नेहमीसारख्या शेजारी बसल्या होत्या.

त्यानंतर आठ महिन्यांनी कंपनी बंद झाली. मदतीचं जवळजवळ एक वर्ष शिल्लक होतं. मोठ्या कंपनीनं ती गाडी बनवणंच थांबवलं. नवीन गाडी बॅटरीवर चालणारी होती, तिची वेणी वेगळी आणि ती दुसऱ्या राज्यात होणार होती. राहिलेल्या हप्त्यांसाठी इथला खर्च चालवणं मालकांना परवडेना. त्यांनी उरलेली मदत सोडून दिली.

गेटवर नोटीस लागली. मराठी आणि इंग्रजी. बायका जमल्या. पुढे कुणी होईना, तेव्हा बाजींनी चष्मा लावला आणि पेपर वाचायच्या तशी ती नोटीस मोठ्यानं वाचली, खालच्या सहीसकट. वाचून झाल्यावर कुणी रडलं नाही. घोषणा झाल्या नाहीत. गावंडे तिथं होते. आपलं खरं ठरलं असं त्यांच्या तोंडावर कुठेही दिसलं नाही. ते स्टोअरच्या किल्ल्या हातात धरून उभे होते, त्या कुणाला द्यायच्या हे त्यांना कळत नव्हतं.

विमल म्हणाली, "चाला बाजी, बस निंगन."

त्या दिवशी बस शेवटची होती. ड्रायव्हरनं नेहमीच्या सगळ्या थांब्यांवर ती थांबवली.

काही महिन्यांनी फंडाच्या कागदांवर सह्या घ्यायला मी बाजींच्या घरी गेलो. घर लहान, पण नीट. त्यांचे मियाँ पुढच्या खोलीत शिलाईचं काम करत होते. बाजी आतल्या खोलीत खाली बसल्या होत्या. मी त्यांना अशी बसलेली पहिल्यांदाच पाहत होतो. सुनेनं चहा आणून ठेवला. तो त्यांनी घेतला नाही, माझा संपल्यावर तोही माझ्याकडे सरकवला.

सही करताना पेन दोनदा सुटलं.

"बोटं सुन्न राहाते," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हंते काही नाई."

"पोरींचे फोन येतात?"

"येते. त्या पोलिसवालीचा कालच आला होता. तिनं गाडी घेतली. त्याच मोठ्या कंपनीची. सस्त्यात भेटली म्हने." बाजी हसल्या नाहीत. "विमलचाबी येते. कॅटरिंगवाल्याकडे पोया लाटाले जाते ते. लग्नसराई हाय तवर. चांगलं बोलते माह्यासंग. आई कशी हाय, पोरगी कशी हाय, सगळं सांगते."

बाहेर शिलाई मशीन चालू होतं. ते थांबलं तेव्हा त्यांनी विचारलं, "तिनं एकडाव तरी शिवी द्याव, का नाई?"

मी म्हणालो, तुम्ही एकसष्ट पोरींना बाहेर काढलं, बाजी. दोनशे घरांना दोन वर्षं मिळाली. हे मी अगदी मनापासून म्हणालो होतो. बाजींनी ते ऐकलं. मग त्यांनी कागद नीट रचले, चारही कडा जुळवल्या आणि माझ्या हातात दिले.

"अब्बा म्हनत ते मले मालूम होतं ना भाऊ," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोनाले मालूम नव्हतं. मले होतं."

मी कागद पिशवीत घातले. मी निघालो तेव्हा त्या उठल्या नाहीत.

मला पुढे अकोल्यात एका शाळेच्या कार्यालयात नोकरी लागली. बिऱ्हाड हलवलं. अमरावतीशी संबंध सुटत गेला. शिरभाते साहेब नागपूरला गेल्याचं कळलं. बाजींना फोन करायचं मनात यायचं, पण काय बोलायचं ते सुचत नसे आणि मी करत नसे.

मागच्या हिवाळ्यात आईला डोळ्यांसाठी घेऊन त्या मोठ्या दवाखान्यात गेलो. सकाळची गर्दी होती. आईला बाकावर बसवून मी केसपेपर काढायला निघालो तर व्हरांड्याच्या टोकाला एका खिडकीसमोर रांग दिसली. वर पाटी होती, कंत्राटी भरतीची चौकशी. रांगेत बहुतेक विशी-पंचविशीतली पोरं-पोरी होती आणि त्यांच्यामध्ये शकीलाबाजी. केस बरेच पांढरे झाले होते. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद.

त्यांचा नंबर आला. मी जवळ जाईपर्यंत खिडकीतला माणूस बोलतही होता.

"मावशी, तुम्हाला सांगितलं ना. बेचाळीस झालं त्यांचं. चाळीसच्या वर घेता येत नाही. मागच्या वेळेस यायला पाहिजे होतं त्यांनी."

"मागच्या बारीले तिची निवड झाली होती. हा कागद पाहा. तुमच्याच दवाखान्याचा हाय."

"हो, पण त्या हजर झाल्या नाहीत."

"तिची चूक नव्हती. मी थांबवलं होतं तिले. असं लिहून देतो मी. सही करून देतो."

"तुमच्या सहीनं काय होणार मावशी? सरका, मागे लोक आहेत."

बाजी सरकल्या. तेव्हा त्यांनी मला पाहिलं. ओळखलं, पण चेहऱ्यावर विशेष काही उमटलं नाही. काल भेटल्यासारखं म्हणाल्या, "वानखडेभाऊ. कोन बिमार हाय?"

"आई. डोळ्यांचं आहे. बाजी, तुम्ही अमरावतीहून येता?"

"सोमवारी येतो. सकाळच्या बसनं."

"दर सोमवारी?"

"व्हय."

"विमलला माहीत आहे?"

"नाई. तिले कायले सांगू? झालं तं सांगीन."

"पण वयाचं काही होत नाही, बाजी. नियम आहे तो. हा माणूस तेच सांगतोय."

"हा सांगते. कधी कधी दुसरा बसते खिडकीवर." त्यांनी पिशवीतले कागद पुन्हा सारखे केले. "तुमी जा, आई एकटी हाय तुमची."

आणि त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. पुढच्या पोरानं वळून पाहिलं, थोडं पुढे सरकला.

आईचा नंबर लागला. आत बराच वेळ गेला. डोळ्यात थेंब घातले, थांबवून ठेवलं, पुन्हा तपासलं. तिचा हात धरून मी व्हरांड्यात आलो तेव्हा दुपार झाली होती. खिडकी जेवणासाठी बंद झाली होती आणि रांग पांगली होती. शकीलाबाजी तेवढ्या तिथं होत्या, बंद खिडकीसमोर, पहिल्या नंबरवर उभ्या.

"कोन हाय रे ते?" आईनं विचारलं. तिला धड दिसत नव्हतं.

"आमच्या कंपनीतल्या बाजी," मी म्हणालो, आणि आईला जिन्याकडे घेऊन गेलो.